'ग्लूप' म्हणून पाहा

'ग्लूप' हा इंग्रजी शब्द सावकाश आणि मोठ्याने म्हणून पाहा. 'ग'साठी जिभेचा मागचा भाग वर टेकतो आणि हवा क्षणभर अडते. लगेच 'ल' येतो. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलेलं असतं, पण हवा तिच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून वाहू लागते. मग ओठांचा चंबू होतो, 'ऊ' लांबत जातो आणि 'प'वर ओठ मिटून सगळं बंद होतं. पळीतून घट्ट काकवी सोडताना हेच घडतं. ती आधी अडते, मग ओघळते, थेंब फुगत फुगत खाली उतरतो आणि तुटतो.

इंग्रजीत अशा शब्दांचा मोठा गोतावळा आहे. गूप, ग्लूप, ग्लॉप, गंक, गंज, स्लाइम, स्लज, स्लश, मश, मक, ऊझ, क्रड. (यातला 'गंज' ब्रिटिश आहे, उच्चार आपल्या लोखंडावरच्या गंजासारखाच असला तरी दोघांचा काही संबंध नाही.) बिघडलेला सॉस, तुंबलेल्या मोरीतला गाळ, इंजिनावरचं मेणचट कीट, लहान मुलांच्या हातातला हिरवा लिबलिबीत गोळा, या सगळ्यांसाठी हे शब्द आहेत. ते मुलांच्या तोंडी असतात, मेकॅनिकच्या असतात, प्लंबरच्या असतात. शब्दकोश त्यांच्यापुढे 'अनौपचारिक' अशी खूण करतात आणि उगमाच्या जागी बऱ्याचदा 'अनिश्चित, बहुधा अनुकरणातून' एवढंच लिहून पुढे जातात. या शब्दांना बालिश समजण्याची रीत त्यातूनच पडली असावी. माझं मत उलट आहे. भाषा घडते कशी हे पाहायचं असेल तर या शब्दांइतकी उघडी जागा दुसरी सापडणार नाही.

'अनुकरणातून' असं म्हणताना एक अडचण मात्र राहते. घंटेचा आवाज होतो, कुत्रा भुंकतो, पाण्यात दगड पडला की डुबुक वाजतं. या आवाजांची नक्कल करणं समजण्यासारखं आहे. ग्रीसचा थर कसला आवाज करतो? बाटलीच्या तोंडाशी सुकलेला डिंक तर मुकाच असतो. चिखलातून बूट उपसताना होणारा 'स्क्वेल्च' किंवा भिंतीवर काही आपटल्याचा 'स्प्लॅट' हे आवाजाचे शब्द आहेत हे खरं, पण 'गंक' आणि 'गूप' तसे नाहीत. ते आवाजाची नक्कल करत नाहीत. पदार्थ कसा हलतो, बोटाला कसा लागतो, याची नक्कल जीभ आणि ओठ करतात.

ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात प्लेटोने 'क्रॅटिलस' नावाचा संवाद लिहिला. वस्तूंची नावं निसर्गतः ठरलेली असतात की माणसांनी आपसात ठरवलेली, हा त्यातला वाद आहे. त्यात सॉक्रेटिस एकेक ग्रीक अक्षर घेऊन ते उच्चारताना तोंडात काय होतं ते सांगत जातो. 'ल'साठी जीभ घसरते, म्हणून गुळगुळीत, तुकतुकीत, घसरणं अशा अर्थाच्या शब्दांत 'ल' आहे, असं तो म्हणतो. मग तो आपल्या विषयावरच येतो. घसरत्या जिभेला 'ग' अडवतो, म्हणून चिकट पदार्थांच्या शब्दांत 'ग' आणि 'ल' एकत्र येतात. उदाहरणं तो देतो ती ग्लिस्क्रॉन, म्हणजे चिकट. ग्लुकी, म्हणजे गोड. आणि ग्लॉयोडेस, म्हणजे डिंकासारखं. 'ग्लूप' जन्माला येण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी त्याच्या घडणीचं हे वर्णन झालेलं आहे. सॉक्रेटिस इथेच थांबत नाही, हे मला विशेष वाटतं. पुढे तो स्वतःच शंका काढतो की कठीणपणासाठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यातही मऊ 'ल' आहे, मग ते कसं? आणि उत्तर देताना त्याला रूढीचा हात धरावाच लागतो.

इंग्रजीपुरतं हे काम पहिल्यांदा नीट केलं ते जॉन वॉलिस या गणितज्ञाने. अनंतासाठी आडव्या आठासारखं चिन्ह रूढ करणारा तो हाच. १६५३ मध्ये त्याने लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि शब्दांच्या आरंभीच्या जोडाक्षरांचे अर्थानुसार गट पाडून दाखवले. विसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या 'लँग्वेज' या ग्रंथात 'स्ल'ने सुरू होणाऱ्या शब्दांमागे 'गुळगुळीत ओलेपणा' असा अर्थ असल्याची नोंद केली. स्लाइम, स्लश, स्लॉप, स्लॉबर, स्लिप, स्लाइड. बुळबुळ, बर्फाचा राडा, सांडलेलं पातळ अन्न, लाळ गाळणं, घसरणं.

त्याआधी तीन वर्षं, १९३० मध्ये, जे. आर. फर्थ यांनी अशा अर्थसूचक ध्वनिगटांना 'फोनीस्थीम' हे नाव दिलं होतं. हे फर्थ पुढे ब्रिटनमधले सामान्य भाषाविज्ञानाचे पहिले प्राध्यापक झाले, पण १९१९ ते १९२८ या काळात ते लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. तिथे त्यांच्या कानांवर रोज पडणाऱ्या भाषांत जोडशब्दांची आणि नादशब्दांची रेलचेल होती. त्याचा त्यांच्या विचारांवर परिणाम झाला असेल का, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो. फर्थ यांचं म्हणणं मात्र सावध होतं. 'स्ल'मध्ये मुळातच काही ओलं नाही. एकाच अर्थाच्या आसपासचे पुरेसे शब्द एका ध्वनीभोवती गोळा झाले की बोलणाऱ्यांना तो ध्वनी त्या अर्थाचा वाटू लागतो आणि नवे शब्दही तिथेच येऊन बसतात.

हे पटण्यासाठी 'ग्ल'चंच उदाहरण घ्यावं. इंग्रजीत 'ग्ल'चे दोन शेजार आहेत आणि ते एकमेकांना ओळखतही नाहीत. एकीकडे ग्लू, ग्लॉप, ग्लूप. दुसरीकडे ग्लिटर, ग्लीम, ग्लो, ग्लिमर, सगळे चमकण्याचे. चमकणाऱ्यांचं मूळ जर्मानिक भाषांतल्या, प्रकाश आणि झळाळी सुचवणाऱ्या एका प्राचीन धातूत आहे. 'ग्लू' लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आला. तोंडातली हालचाल दोन्हीकडे तीच. अर्थ शेजाऱ्यांनी ठरवला. २००४ मध्ये भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन बर्गन यांनी या शेजाराची परीक्षा घेतली. पडद्यावर शब्द दाखवायचे आणि तो खरा इंग्रजी शब्द आहे की नाही हे झटपट सांगायला लावायचं. आधी 'ग्लिटर' दिसून गेला असेल तर 'ग्लो' ओळखायला लोकांना कमी वेळ लागे. नुसता अर्थ जवळचा किंवा नुसता ध्वनी जवळचा असलेल्या जोड्यांत तेवढा फायदा होत नव्हता. म्हणजे हे गट केवळ अभ्यासकांच्या वहीत नाहीत, बोलणाऱ्यांच्या डोक्यातही आहेत.

एकेका शब्दाचं चरित्र पाहिलं की चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. सुरुवात 'गू'पासून करायला हवी, आणि इथे मराठी वाचकाला अवघडल्यासारखं होणं साहजिक आहे. आपला 'गू' संस्कृत 'गूथ'वरून आलेला आहे. इंग्रजी 'गू' हा निव्वळ योगायोग आहे, त्याचा अर्थ चिकट, घट्ट रेंदा. चॉकलेट केकचा मधला भाग अर्धवट ओला असेल तर इंग्रज त्याला कौतुकाने 'गूई' म्हणतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हा शब्द दिसू लागतो. त्याचं मूळ 'बर्गू'मध्ये असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बर्गू ही जहाजावरच्या खलाशांची ओटची घट्ट पेज, आणि तिचं नाव अरबी 'बुर्घुल', तुर्की 'बुल्गुर'वरून, म्हणजे उकडून भरडलेल्या गव्हावरून आलेलं. हा अंदाज खरा असेल तर पश्चिम आशियातल्या गव्हाच्या भरड्याचं नाव खलाशांच्या वाडग्यात पेज झालं आणि अमेरिकेत पोचेपर्यंत त्याचा पुढचा भाग गळून उरलेल्या शेपटाला सगळ्या चिकट वस्तूंचं नाव मिळालं. उरलेलं शेपूट नेमकं 'गू' हेच का टिकलं, याचं उत्तर मात्र वर सांगितलेल्या शेजारातच शोधावं लागतं.

'गंक'ची हकिकत मला सर्वांत आवडते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मॉल्डन गावच्या ए. एफ. करन कंपनीने १९३२ मध्ये एक घट्टसर द्रव साबण काढला. इंजिनं, यंत्रं यांवरचं तेलकट कीट धुऊन काढायचा. त्याला नाव दिलं 'गंक'. गॅरेजमध्ये तो खपला, लोकांच्या तोंडी बसला, आणि काही वर्षांतच 'गंक' म्हणजे धुवायचं कीटच असा अर्थ झाला. मळ काढणाऱ्याचं नाव मळाला चिकटलं. व्यापारी नाव सामान्य नाम होणं नवं नाही, पण इथे अर्थ थेट विरुद्ध बाजूला गेला. कारण उघड आहे. 'ग', अनुनासिक आणि 'क' हे तिन्ही घशाच्या तोंडाशी, एकाच जागी दाबून उच्चारले जातात. शब्द एका जागी अडकतो, पुढे सरकतच नाही. ज्याने तो बोलताना ऐकला त्याला तो धुण्याचा शब्द वाटणं कठीणच होतं. नाव ठेवणाऱ्यांनी कदाचित मळाचाच विचार करून ते ठेवलं असेल. कानांनी मात्र त्याचा हिशेब आपल्या पद्धतीने लावला.

'स्लश'चा मूळ अर्थ अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल. जहाजावरचं खारवलेलं मांस उकळताना वर जी चरबी येई तिलाही खलाशी स्लश म्हणत. ती पिंपात साठवून बंदरावर मेणबत्त्या करणाऱ्यांना विकायची आणि आलेल्या पैशांतून खलाशांसाठी चार चैनीच्या वस्तू घ्यायच्या, अशी पद्धत होती. या पैशाला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'स्लश फंड' म्हणू लागले. आज वर्तमानपत्रांत लाचलुचपतीच्या बातम्यांत जो स्लश फंड वाचायला मिळतो, तो त्या चरबीच्या पिंपातून निघालेला आहे.

'गूप' हे तर मुळात पदार्थाचं नावच नव्हतं. जेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने १९०० मध्ये मुलांसाठी पुस्तक काढलं. त्यात गोल, केस नसलेल्या डोक्यांची, जेवताना बरबटून घेणारी, शिस्त नसलेली पोरं होती. त्यांचं नाव 'गूप'. 'ब्लर्ब' हा शब्दही बर्जेस यांचाच. पोरांचं नाव पुढे त्यांच्या अंगावर जे सांडलेलं असायचं त्याला लागलं. आणि 'क्रड' म्हणजे 'कर्ड', दही. वर्णविपर्ययाने वाराणसीचं बनारस झालं तसं, फक्त इथे 'क्रड' हेच जुनं रूप आहे आणि 'कर्ड' नंतरचं. दह्याला सभ्य रूप मिळालं, जुनं रूप घाणीकडे गेलं. अणुभट्टीत इंधनकांड्यांवर गंजाचा जो थर साठतो त्याला अणुअभियंते आजही गंभीर शोधनिबंधांत 'क्रड' म्हणतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दांना टीव्हीने आणि खेळण्यांच्या कारखान्यांनी नवं आयुष्य दिलं. कॅनडातल्या ओटावा शहरात १९७९ मध्ये मुलांचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात कुणी 'मला माहीत नाही' असं म्हणालं की वरून त्याच्या डोक्यावर हिरवं स्लाइम ओतलं जाई. निकलोडियन या अमेरिकन वाहिनीने तो कार्यक्रम घेतला आणि हिरवं स्लाइम हीच पुढे त्या वाहिनीची ओळख झाली. तिच्या पुरस्कारसोहळ्यात नामवंतांवर स्लाइम ओतणं हा मान समजला जातो. ब्रिटनमध्ये बीबीसीवर नोएल एडमंड्स यांच्या शनिवार संध्याकाळच्या कार्यक्रमात, १९९१ ते १९९९ या काळात, पाहुण्यांना काचेच्या टाकीत बसवून त्यांच्यावर 'गंज' ओतत. शब्द तोंडात अडकतो त्याची मजा पोरांना आधीच ठाऊक होती, आता ती डोळ्यांना दिसू लागली.

त्याआधी, १९७६ मध्ये, मॅटेल कंपनीने छोट्या प्लास्टिकच्या कचराडब्यात भरलेलं हिरवं 'स्लाइम' बाजारात आणलं होतं. ते कशाचं केलेलं होतं हे कळल्यावर मराठी घरातलं माणूस चकित होईल. त्याचा मुख्य घटक होता गवारगम. आपल्या भाजीतल्या गवारीच्या शेंगा जून होऊ दिल्या, बिया वाळवून भरडल्या, साल आणि अंकुर काढून टाकला, की मधला जो भाग राहतो त्याचं पीठ म्हणजे गवारगम. जगातली बहुतांश गवार भारतात पिकते, आणि भारतातली बहुतांश राजस्थानात. या पिठाचे रेणू साखरेच्या कड्यांच्या लांबच लांब साखळ्या असतात. पाण्यात पडताच त्या उलगडतात, पाणी धरून ठेवतात आणि एकमेकींत गुंततात. एक चमचाभर पीठ पेलाभर पाण्याला दाटसर करून टाकतं. त्यात टाकणखाराचं पाणी घातलं की टाकणखारातले बोरेट आयन एका साखळीला दुसरीशी ठिकठिकाणी बांधतात. हे टाके कायमचे नसतात. सुटतात आणि पुन्हा पडतात. म्हणून स्लाइम हळूहळू ओढलं की सुटणाऱ्या टाक्यांना वेळ मिळतो आणि ते तारेसारखं लांबत जातं. हिसका दिला तर टाके सुटायच्या आत तुकडा पडतो. टेबलावर ठेवून दिलं तर आपोआप पसरून सपाट होतं.

स्वयंपाकघरात लगेच करून पाहता येईल असा दुसरा चिकट पदार्थ म्हणजे 'ऊब्लेक'. हे नाव डॉ. स्यूस यांच्या १९४९ च्या मुलांच्या पुस्तकातून आलं. पाऊस, ऊन, धुकं, बर्फ या त्याच त्या गोष्टींना कंटाळलेला एक राजा आभाळातून काहीतरी नवीन पाडायला सांगतो आणि हिरवं, चिकट ऊब्लेक पडून राज्यभर सगळं चिकटून बसतं. दोन वाट्या कॉर्नफ्लोअर घ्या आणि त्यात साधारण एक वाटी पाणी थोडं थोडं घालत बोटांनी मिसळा. मिश्रण नीट जमलं की बोट हळूच बुडवलं तर ते दह्यात जावं तसं आत जातं. त्याच भांड्यात मूठ आपटली तर मूठ वरच थांबते आणि पृष्ठभाग कोरडा, मॅट दिसू लागतो. मुठीत घेऊन दाबलं की गोळा होतो. मूठ उघडली की तळहातावरून वितळून ओघळतो. दाब अचानक आला की पिठाचे कण एकमेकांना भिडून अडकतात, मधलं पाणी बाजूला सरतं आणि मिश्रण घट्ट होतं. सावकाश हलवलं तर पाणी कणांमध्ये वंगणासारखं राहतं. टोमॅटो केचपचं नेमकं उलटं. ते स्थिर असताना घट्ट असतं आणि बाटली हलवली की पातळ होतं.

हा अर्धवटपणा या शब्दांच्या मुळाशी आहे असं मला वाटतं. पाणी पाणी असतं, दगड दगड. पण घट्ट चिकट पदार्थ ना इकडचा ना तिकडचा. तो आकार धरत नाही आणि हातातून सुटतही नाही. आपण त्याला धरलं की त्यानेच आपल्याला धरल्यासारखं होतं. फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र यांनी १९४३ च्या 'बीइंग अँड नथिंगनेस'मध्ये चिकटपणावर बरीच पानं खर्च केली आहेत, आणि ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये 'प्युरिटी अँड डेंजर' लिहिताना त्यांचा आधार घेतला. जे कुठल्याच ठरीव कप्प्यात बसत नाही त्याची माणसाला किळस येते आणि ओढही वाटते, असा डग्लस यांचा एकूण विचार. स्लाइमच्या डब्याभोवती जमलेल्या पोरांचे चेहरे पाहिले की याला दुसरा पुरावा लागत नाही. औपचारिक भाषेला अशा वस्तू हाताळता येत नाहीत. शास्त्रातला 'व्हिस्कस' हा शब्द आता कसा कोरडा वाटतो! तोही मुळात चिकटच होता. लॅटिन 'व्हिस्कम' म्हणजे झाडांवर बांडगुळासारखी वाढणारी एक वनस्पती आणि तिच्या फळांपासून केलेला चिकट लासा, जो फांद्यांना लावून पक्षी पकडत. शतकानुशतकं पुस्तकांत राहून त्यातला लासा सुकून गेला आणि बोलीला 'ग्लूप' घडवावा लागला.

तरीही विज्ञानाला या शब्दांवाचून राहता आलेलं नाही. समुद्रतळावर सूक्ष्म जीवांच्या कवचांचा जो मऊ गाळ साठतो त्याचं अधिकृत नाव 'ऊझ' आहे. गाळात जैविक अवशेषांचं प्रमाण किमान ३० टक्के असेल तरच भूवैज्ञानिक त्याला ऊझ म्हणतात. या गाळानेच एकदा मोठी फसगत केली. अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्याआधी १८५७ मध्ये 'सायक्लॉप्स' या जहाजाने तळाचा चिखल वर काढला आणि तो अल्कोहोलमध्ये जपून ठेवला गेला. १८६८ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी तो पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात त्यांना एक पारदर्शक, जाळीदार, बुळबुळीत द्रव्य दिसलं. जर्मनीतले जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल तेव्हा सगळी जीवसृष्टी एका आदिम 'उरश्लाइम'मधून, म्हणजे आद्य बुळबुळीतून, निघाली असं मांडत होते. जर्मन 'श्लाइम' आणि इंग्रजी 'स्लाइम' सख्खी भावंडं आहेत. हक्सली यांना वाटलं, हीच ती. त्यांनी तिला 'बाथिबियस हेकेली' असं जीवजातीचं नाव दिलं. सगळा सागरतळ जिवंत लिबलिबीत थराने झाकलेला आहे, या कल्पनेने युरोपातले अभ्यासक भारावून गेले.

१८७२ मध्ये 'चॅलेंजर' जहाज जगभरच्या समुद्रांचा अभ्यास करायला निघालं. त्यावरच्या शास्त्रज्ञांनी ताज्या गाळात बाथिबियस खूप शोधला. मिळेना. जुन्या, अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्यांत मात्र तो दिसे. जहाजावरचे रसायनशास्त्रज्ञ जॉन यंग ब्युकॅनन यांनी उलगडा केला. समुद्राच्या पाण्यात भरपूर अल्कोहोल घातलं की त्यातला कॅल्शियम सल्फेट जेलीसारखा साकळून खाली बसतो. आद्य जीव म्हणून गाजलेली बुळबुळ बाटलीतच तयार झाली होती. हक्सली यांनी १८७५ मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली. ही घटना विज्ञानाच्या इतिहासात चूक कशी होते याचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात बुळबुळीचा माणसाच्या कल्पनेवरचा पगडा दिसतो. पुढे १९८६ मध्ये अमेरिकन अभियंते एरिक ड्रेक्सलर यांनी स्वतःच्या प्रती काढत सुटणाऱ्या सूक्ष्म यंत्रांनी सगळं जग खाऊन टाकण्याची भीती मांडली, तेव्हा त्या भीतीला जे नाव मिळालं ते 'ग्रे गू'.

मग हे सगळं इंग्रजीपुरतंच आहे का? गोलसर आणि अणकुचीदार आकृत्या दाखवून 'बूबा' कोण आणि 'किकी' कोण असं विचारण्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याची सुरुवात जर्मन मानसशास्त्रज्ञ व्होल्फगांग क्योहलर यांच्या १९२९ च्या कामापासून होते. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये तो पुन्हा गाजवला. त्यानंतर २५ भाषांच्या बोलणाऱ्यांवर केलेल्या मोठ्या पाहणीत जवळपास ७२ टक्के लोकांनी गोलाला 'बूबा'च म्हटलं. म्हणजे तोंडातल्या हालचालीतून काही सूचना बहुतेकांना मिळतात. पण त्यातल्या कोणत्या उचलायच्या हे प्रत्येक भाषा आपलं आपण ठरवते.

मराठीत पाहा. 'ग' आणि 'ळ' एकत्र आले की आपल्याकडेही गिळगिळीत तयार होतं. प्लेटोला ते लगेच पटलं असतं. पण चिकटपणासाठी आपली जीभ त्याहून जास्त 'च'कडे धावते. चिकट, चिकचिक, चिखल, चपचपीत. इंग्रजीत हा शेजार जवळजवळ नाहीच. शिवाय आपण एकदा म्हणून थांबत नाही, दोनदा म्हणतो. बुळबुळ, लिबलिब, पचपच, रबरब. भाषाशास्त्रज्ञ मरी एमेनो यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की असे दुहेरी नादशब्द द्राविडी आणि भारतीय आर्य अशा दोन्ही कुळांत सारखेच पसरलेले आहेत आणि शेकडो वर्षांच्या शेजारातून ते भारतभरचं लक्षण झालेलं आहे. जपानीतही चिकटपणाला 'नेबानेबा' आणि 'बेतोबेतो' म्हणतात.

दुसरा फरक मला याहून मोलाचा वाटतो. इंग्रजी शब्द बहुतेक नामं आहेत. गंक, ग्लूप, स्लज ही वस्तूची नावं आहेत, समोरच्या ढिगाकडे बोट दाखवणारी. मराठीत लगदा, गिचका, रबडा, राड अशी मोजकी नामं आहेत; पण आपली खरी श्रीमंती विशेषणांत आहे, आणि ती विशेषणं बोटांना काय लागलं ते सांगतात. डोक्याला लावलेलं तेल चपचपीत, कापलेली भेंडी बुळबुळीत, जास्त पाण्यात शिजलेला भात पचपचीत, अति पिकलेला चिकू लिबलिबीत, स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी मेणचट. यांतला कुठलाही शब्द दुसऱ्याच्या जागी घालून पाहा, लगेच खटकतो. 'गूई' हे एक विशेषण इंग्रजीत चॉकलेटपासून जखमेपर्यंत कुठेही चालून जातं.

म्हणून आज मराठी घरांतली मुलं जे करतात ते अगदी बरोबर वाटतं. नाम त्यांनी इंग्रजीकडून घेतलं आहे, कारण ती वस्तू तिकडूनच आली. गुण मात्र मराठीतच सांगतात. डब्यातून काढलेला गोळा जास्तच बोटांना लागू लागला की पोर आईला हाक मारून सांगतं, 'आई, माझं स्लाइम फार चिकचिकीत झालंय गं, त्यात अजून थोडं ॲक्टिव्हेटर घाल ना.'